पुरलेला माठ आणि ग्रंथालयातली एक फळी

फाल्गुन सरत आला, विहिरींनी तळ गाठला. परसात दोडका-भोपळा लावावा का, असं बरेच जण विचारतात. याचं उत्तर फार पूर्वीच लिहून ठेवलेलं आहे.

चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी फान शंगची नावाच्या माणसानं शेतीवर पुस्तक लिहिलं. खड्ड्याच्या मधोमध मातीचा माठ पुरायचा, तोंड जमिनीबरोबर ठेवायचं, पाणी भरून वर कौल झाकायचं आणि भोवती वेलाच्या चार बिया लावायच्या. माती कोरडी पडंल तसं पाणी पाझरतं, उन्हात उडून जात नाही. आपल्याकडंही जुनी माणसं आळ्यात गाडगं पुरायची, तीच ही रीत. ते मूळ पुस्तक पुढं हरवलं. पण सहाव्या शतकातल्या एका ग्रंथात त्याचे उतारे घेतले होते, म्हणून आज आपल्याला ते कळतं.

आता आपल्याकडचं बघा. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगितलं, की बांध असे घाला की पावसाचं पाणी आधी शेतात मुरंल, मगच ओढ्याला जाईल. १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. १९३३ च्या सुमारास सोलापूरला केंद्र निघालं. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, पातळ पेरा, वरचेवर कुळवणी-कोळपणी, हे सगळं तिथं मोजून बघितलं. कोळपलं की भेगा बुजतात, ओल टिकते. परसातल्या आळ्यालाही हाच नियम लागू. कानिटकरांचं पुस्तक १९४४ साली आलं, पण इंग्रजीत. बांधावरच्या माणसानं ते कुठून वाचावं?

राज्यात ग्रंथालयाचा कायदा १९६७ चा. आज बऱ्याच गावांत वाचनालय आहे. तिथं कादंबऱ्यांशेजारी एक फळी शेतीची मागा. ‘असूड’ ठेवा, कृषी खात्याचं ‘शेतकरी’ आणि परभणी विद्यापीठाचं ‘शेतीभाती’ ठेवा. कृषी विभागातल्या मंडळींना विनंती, जुन्या प्रयोगांचे आकडे सोप्या मराठीत तिथं आणून द्या.

आणि त्या फळीवर एक कोरी वहीही ठेवा. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटली, कोणतं गावरान बी दुष्काळात तगलं, हे म्हाताऱ्यांना विचारून आताच लिहून घ्या. ती माणसं गेल्यावर कुणाला विचारणार?