परकोटाबाहेरची वस्ती

एखाद्या प्रांताची लोकसंख्या वाढली म्हणजे तेथे जन्म अधिक आणि मृत्यू कमी झाले, एवढाच अर्थ काढण्याची आपल्याला सवय आहे. परंतु वऱ्हाडाचा गेल्या दोन शतकांचा इतिहास ज्याने लक्षपूर्वक पाहिला, त्याला हे मान्य करावे लागते की अमरावती आणि अकोला ही दोन नगरे फार मोठ्या अंशी बाहेरून आलेल्या माणसांनी वाढवली, आणि त्या माणसांच्या डोक्यावर छप्पर कोणी व कसे घालावे, या प्रश्नाशी प्रत्येक राजवटीला आपापल्या परीने झगडावे लागले.

अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसले आणि हैदराबादचा निजाम यांच्या दुअंमलात सापडला होता. एकाच रयतेकडून दोन सरकारांचे अंमलदार वसूल नेत, आणि जेथे जाच असह्य होई तेथून माणसे गुरेढोरे घेऊन शेजारच्या परगण्यात उठून जात. अकोल्याच्या तालुकेदाराच्या जुलमाला कंटाळून तेथील पुष्कळ रहिवासी अमरावतीस येऊन वसले, असे इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनी नमूद करून ठेवले आहे. अमरावतीच्या भरभराटीच्या मुळाशी अकोल्याचे दुर्दैव होते, ही गोष्ट दोन्ही गावांच्या अभिमानी नागरिकांनी एकदा शांतपणे ध्यानात घेण्यासारखी आहे. 1803 साली इंग्रज आणि भोसले यांच्यात अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला, आणि त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळाने गावेच्या गावे ओस पडली.

निजामाच्या सरकारने 1807 साली अमरावतीच्या सभोवती दगडी परकोट बांधण्यास आरंभ केला, तो पेंढाऱ्यांच्या धाडींपासून तेथील धनाढ्य व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून. वीस ते सव्वीस फूट उंचीची ही भिंत सुमारे सव्वादोन मैलांच्या घेरात गाव कवेत घेऊन उभी राहिली. तिला पाच वेशी आणि चार खिडक्या ठेवण्यात आल्या. ज्या भिंतीने जीवित व वित्त यांना अभय दिले, तिनेच आतील जमिनीची सीमाही कायमची आखून टाकली. अभय मिळते म्हणून माणसे आत येऊ पाहत, आणि जागा तर तसूभरही वाढत नसे. त्यामुळे सराफा, बुधवारा, सक्करसाथ या बाजूंनी वाडे एकमेकांना खेटून उभे राहिले, गल्ल्या अरुंद झाल्या, मजल्यावर मजला चढला, आणि खाली पेढी व वर बिऱ्हाड ही रचना रूढ झाली. ज्याला आत जागा घेण्याची ऐपत नव्हती, तो अंबागेट किंवा नागपुरीगेटच्या बाहेर, पेंढाऱ्यांची भीती पत्करून, कुडाच्या भिंती उभारून राहिला. घराची किंमत विटा-लाकडापेक्षा त्या घराखालच्या सुरक्षित भूमीमुळे ठरते, याचे वऱ्हाडातील हे पहिले ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

या सुरक्षिततेमागे कापूस होता. विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी 1825-26 साली वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईस धाडला, आणि 1842 साली एका सावकाराने अमरावतीहून मिर्झापूरमार्गे कलकत्त्याकडे लाखभर बैलांवर कापूस रवाना केल्याची नोंद आहे. एवढा व्यवहार जेथे चाले, तेथे मारवाडातून, गुजरातेतून आणि कच्छातून माणसे येणे क्रमप्राप्तच होते.

निजामाशी झालेल्या 1853 च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि माणसांच्या प्रवाहाची दिशा बदलली. वसुलीचा मक्ता घेणाऱ्या इजारदारांच्या काळात परागंदा झालेली कुटुंबे परत फिरू लागली. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व खातेदारी सुरू झाल्यामुळे जमीन कसणाऱ्याला आपला हक्क टिकण्याचा भरवसा आला. आणि 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवीच्या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा होताच वऱ्हाडी कापसाचे भाव असे चढले की काळ्या जमिनीकडे चहूंकडून माणसांची रीघ लागली. 1867 साली भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला, आणि त्याच वर्षी झालेल्या वऱ्हाडच्या पहिल्या खानेसुमारीत सुमारे 22 लाख माणसे मोजली गेली. 1881 मध्ये हा आकडा पावणेसत्तावीस लाखांच्या आसपास गेला, आणि 1891 मध्ये 29 लाखांच्या घरात. पहिली गणती ओबडधोबड होती हे गृहीत धरून काही वाढ कागदी मानली, तरी चौदा वर्षांत शेकडा वीस ही वृद्धी केवळ घरच्या पाळण्यांतून झाली असे मानणे कठीण आहे.

आलेल्यांत शेतमजूर होते, जिनिंग-प्रेसिंगच्या हंगामापुरते येऊन मग येथेच राहून गेलेले कामगार होते, मारवाडी सावकार, कच्छी व बोहरी दुकानदार, तेलंगणातील बेलदार होते. आणि पुणे, कोकण, खानदेश या भागांतून सरकारी कचेऱ्यांत व न्यायालयांत आलेला सुशिक्षित वर्गही होता. 1912 च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रंगनाथ नरसिंह मुधोळकर, ज्यांना अमरावती आपले भूषण मानते, ते जन्माने धुळ्याचे. मोक्याच्या जागा परक्यांनी घेतल्या ही मूळ वऱ्हाडवासीयांची तक्रार मला निराधार वाटत नाही. परंतु त्याच परक्यांनी येथे वकिली केली, शाळा काढल्या, सभा भरवल्या, आणि 1897 साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले तेव्हा यजमानपण करणाऱ्या समाजात त्यांचाही वाटा होता, हे विसरल्यास तो अन्याय होईल.

या सर्वांच्या घरांचे काय झाले? सावकाराने हवेली बांधली, साहेबासाठी परकोटाबाहेर ऐसपैस कॅम्प वसला, वकिलाने पेठेत वाडा घेतला व त्यातील चार खोल्या भाड्याने दिल्या. आणि कापसातून सरकी वेगळी करणारा मजूर मात्र कारखान्याच्या कडेला, रेल्वेच्या हद्दीजवळ, अकोल्याच्या अकोटफैलासारख्या वस्तीत, ज्या जमिनीचा कागद त्याच्या नावावर कधीच नव्हता अशा जमिनीवर राहिला. सरकारने गावालगतची पुष्कळ जमीन नझूल म्हणून आपल्याकडे ठेवली आणि मुदतीच्या पट्ट्याने दिली. ज्याच्याजवळ पट्टा, त्याच्याजवळ पत; ज्याच्याजवळ पट्टा नाही, त्याची चार पिढ्यांची वस्तीही अतिक्रमण. वऱ्हाडातील घरांच्या बाजारातली खरी दरी आधी आलेला व नंतर आलेला यांच्यात जितकी नाही, तितकी कागदवाला व बिनकागदाचा यांच्यात आहे, असे माझे निश्चित मत आहे.

नगराची वाढ ही सुबत्तेची खूण असतेच असे नाही. 1891 ते 1901 या दशकात 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भीषण दुष्काळ पडले, आणि वऱ्हाडची लोकसंख्या 29 लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर उतरली. परंतु अकोला शहर, जे 1881 मध्ये साडेसोळा हजारांच्या आसपास होते, ते 1901 मध्ये 29 हजारांच्या वर गेलेले दिसते. काही वाढ व्यापाराची खरी. पण खेड्यात अन्न उरले नाही म्हणून, शेजारच्या प्रांतांतूनही, अन्नछत्राच्या व मजुरीच्या आशेने जी हाडकुळी माणसे रेल्वेच्या गावी येऊन थांबली, त्यांतील वाचलेली पुढे अनेक ठिकाणी नगरवासी म्हणून मोजली गेली. ते बांधकाम वाढवणारे ग्राहक नव्हते. त्यांनी झोपड्या तेवढ्या वाढवल्या.

फाळणीनंतर आलेला लोंढा मात्र सर्वस्वी निराळा होता. सिंधमधून घरदार टाकून निघालेली कुटुंबे तत्कालीन मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारच्या व्यवस्थेने अमरावती व अकोला येथे आली. अकोल्याच्या सिंधी कॅम्पात आजही ‘कच्ची खोली’ आणि ‘पक्की खोली’ हे मोहल्ले त्याच नावांनी ओळखले जातात. अमरावतीत रामपुरी कॅम्प आहे, संत कंवरराम यांच्या नावाने कंवरनगर आहे. 1954 च्या विस्थापितांच्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्याने, सिंधमध्ये राहिलेल्या मिळकतीच्या ‘क्लेम’च्या हिशेबात अशी घरे विस्थापितांना देण्याची वाट काढली. शासनाने आलेल्या माणसासाठी आपण होऊन घर बांधल्याचा वऱ्हाडातील हा बहुधा पहिला मोठा प्रसंग.

त्याच सुमारास, युद्धोत्तर टंचाईवर उपाय म्हणून, 1946 च्या कायद्याखाली 1949 चा मध्यप्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश निघाला. रेंट कंट्रोलरच्या लेखी परवानगीवाचून मालकाने भाडेकरूला घर सोडण्याची नोटीसही देऊ नये, आणि घर रिकामे झाले की सरकारास कळवावे, म्हणजे ते सरकारी नोकराला, विस्थापिताला किंवा घरातून काढल्या गेलेल्याला देता येईल, अशी त्याची रचना होती. निराधार होऊन आलेल्या माणसाला हाकलता येऊ नये, या हेतूबद्दल मला आदरच आहे. परंतु तात्पुरत्या टंचाईसाठी काढलेला हा आदेश अर्धशतक टिकला. 31 मार्च 2000 रोजी महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा अमलात येईपर्यंत वऱ्हाडातील वकिलांना तो तोंडपाठ होता. जो आधी घरात शिरला तो सुरक्षित झाला, आणि ज्याला नंतर बिऱ्हाड शोधायचे होते त्याच्यासमोर पागडी उभी राहिली. भाड्याने देण्यासाठी वाडा वा चाळ बांधण्यात मालकाला स्वारस्य उरले नाही, आणि जुन्या वाड्यांची डागडुजी थांबून त्यांचे जिने खचत गेले.

1961 च्या गणनेत दोन्ही नगरे लाखाच्या वर गेली होती. 2011 मध्ये अमरावती साडेसहा लाखांच्या जवळ आणि अकोला सव्वाचार लाखांच्या वर पोहोचले. आज येणारा माणूस मारवाड-सिंधमधून फारसा येत नाही. तो मेळघाटातून, दर्यापूर-मूर्तिजापूरच्या खारपाणपट्ट्यातून येतो, आणि त्याच्याच घरातला शिकलेला मुलगा पुण्याला भाड्याची खोली शोधत असतो.

सिंधी वसाहतींतील जमिनीच्या मालकीहक्काचा प्रश्न मात्र खोल्या उभ्या राहिल्यावरही पुष्कळ ठिकाणी लोंबकळत राहिला. त्या जमिनी नियमित करून मालकीहक्काने देण्याची विशेष अभय योजना राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मंजूर केली. निर्वासितांची ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. अर्ज भरण्याची पाळी त्यांच्या नातवंडांवर आली. अकोटफैलासारख्या वस्त्यांतील ज्या मजुरांकडे दाखवायला कोणताही क्लेम नव्हता, त्यांच्या नातवंडांसाठीही असाच अर्ज छापला गेला पाहिजे.