फितीवरील आंकडे आणि त्यांची किल्ली

हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाच्या परिसरांत गुरुत्वतरंगांचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहात आहे. केंद्र सरकारनें २०२३ सालीं तिच्या उभारणीस मंजुरी दिली. तेथील निरीक्षण अखेर आंकड्यांच्या फाइलींतच सांठणार.

असल्या फाइली वाचण्यांतील अडचण मात्र जुनी आहे. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या गणकयंत्रास आंकडे कागदी फितीवरील छिद्रांतून पुरवीत. त्याच्या स्मृतींत ४० द्विमान अंकांचा एक, असे २०४८ शब्द मावत. पण त्यांपैकीं आज्ञा कोणती व संख्या कोणती, हें शब्दावर लिहिलेलें नसे. आजही असेंब्ली भाषेंत फाइल वाचणारास हाच अनुभव येतो. बाइटांची रांग स्मृतींत आणणें सोपें. परंतु एक नोंद कोठें संपते व दुसरी कोठें सुरू होते, हें त्यालाच आधीं ठाऊक असावें लागतें.

शब्द न तोडतां लिहिलेल्या मोडी कागदाची गत याहून निराळी नाहीं. मराठवाड्यांत २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां कागद होते. वाचणारे मोजकेच उरले होते. औंढ्याच्या फाइलींबरोबर त्यांच्या मांडणीची किल्लीही जपली जावी, एवढेंच आमचें मागणें आहे.