निमा पारखाच्या दहा अटी

परगावी बिऱ्हाड करणे वेगळे आणि घर करणे वेगळे. बिऱ्हाड काय, गाडीत घालून उद्या हलवता येते. घराचे तसे नाही. एकदा पैसा विटामातीत गेला की गाव बरे निघो वा वाईट, आपण तिथले झालो. म्हणून शहाणा माणूस आधी चार ठिकाणी विचारतो. जागा कोणाची, शेजार कसला, रात्रीअपरात्री धावून कोण येईल? आज मुंबईत किंवा पुण्यात ब्लॉक घेणारा हेच विचारतो. पण हेच प्रश्न एका व्यापाऱ्याने इसवी सन १६७७ मध्ये मुंबईच्या सरकारला विचारले होते आणि त्यांची उत्तरे लेखी मागितली होती. ही हकीकत आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

व्यापाऱ्याचे नाव निमा पारख. जातीने वाणी, राहणार दीव बंदराचा. दीव पोर्तुगीजांचे. त्यांच्या राज्यात हिंदूंची पोरकी मुले ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करण्याचा कायदा होता. शिवाय १६६८ साली मस्कतच्या अरबांनी दीव लुटले होते. सुरतेला जावे, तर तीही १६६४ आणि १६७० अशी दोनदा लुटली गेलेली. मग राहिली मुंबई.

पण मुंबई तेव्हा होती काय? सात बेटे, मध्ये भरतीचे पाणी, नारळाच्या बागा, कोळीवाडे आणि एक किल्ला. १६६१ च्या तहाने ती पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाकडे गेली. इंग्रजांच्या हातात प्रत्यक्ष पडली ती १६६५ त. राजाला तिचा खर्च जड झाला, तेव्हा १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. सात वर्षांत तीन धनी! अशा गावात घर बांधायचे म्हणजे छातीच हवी.

जागेचा घोळ तर विचारूच नका. हस्तांतराच्या धामधुमीत कित्येकांच्या जमिनी दाबल्या गेल्या, कित्येकांचे हक्क वादात पडले. हा गुंता सोडवला तो सुरतेचा प्रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आंजियर याने. १६७२ साली त्याने रहिवाशांशी बोलणी करून एक तडजोड ठरवली आणि १६७४ त ती कायम केली. जमीनदारांनी मिळून वर्षाला वीस हजार झेराफिन भरावे, कंपनीने त्यांची मालकी मान्य करावी. (झेराफिन हे पोर्तुगीजांचे चांदीचे नाणे.) १६७२ तच त्याने न्यायाची कचेरीही चालू केली. माझ्या मते मुंबईचा पाया किल्ल्याच्या तटापेक्षा या दोन गोष्टींनी अधिक घातला. जमिनीचा मालक ठरल्यावाचून आणि दाद मागायला जागा असल्यावाचून, पैसेवाला माणूस वीट रचीत नाही.

आता पारखाच्या अटी पहा. त्या दहा आहेत. पहिली सरळ: घर आणि वखार बांधण्यापुरती जागा गावात किंवा गावाजवळ बिनभाड्याने मिळावी. दुसरी लांबलचक, आणि सगळा जीव तिच्यात आहे. आपल्या घरात धर्म मोकळेपणी पाळता यावा. आपल्या आवारात कोणी ख्रिस्ती वा मुसलमान राहू नये, तिथे जीवहत्या होऊ नये. प्रेते आपल्या रीतीने दहन करता यावीत, लग्ने आपल्या विधीने लावता यावीत. कोणावरही ख्रिस्ती होण्याची सक्ती होऊ नये, कोणाला वेठीला धरून ओझी वाहायला लावू नये. शेजाऱ्यांविषयीची अट आजच्या कानाला खटकते, खटकावीच. आमच्या शहरांतल्या काही सोसायट्यांना मात्र ती फारशी जुनी वाटणार नाही!

तिसरी अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. पहाऱ्याची चाकरी माफ असावी, हे तर खरेच. पण त्याबरोबर गव्हर्नर असो की आणखी कोणी, त्याने आपल्याकडून जबरीने कर्ज काढू नये. सावकाराला चोरापेक्षा सरकारची भीती जास्त, हे यात आले. चौथीत अब्रूची काळजी आहे. खटला झाला तर आधी कळवावे, चारचौघांत धरून तुरुंगात नेऊ नये. आणि जातीतला तंटा आपसात मिटवू द्यावा. मग व्यापाराच्या गोष्टी: गलबते हवी तेव्हा आणावी-न्यावी, नांगरपट्टी नसावी, बारा महिन्यांत न खपलेला माल जकातीशिवाय परत नेता यावा, बुडीत कुळाकडून इतर वाण्यांच्या आधी आपले येणे मिळावे. नववीत म्हणतो, गव्हर्नरकडे गेलो तर मानाने बसायला मिळावे. घोडा, पालखी, छत्री वापरता यावी. दहावीत नारळ आणि पानसुपारी विकण्याची मोकळीक आली. एवढा मोठा सावकार, पण सुपारी विसरला नाही.

सुरतेच्या इंग्रजांनी मार्चमध्ये या अटी मुंबईला पाठवल्या. एप्रिलच्या आरंभीच मुंबईचे उत्तर गेले. त्याचा मथितार्थ असा की, यातले बहुतेक इथल्या वाण्यांना आधीपासूनच आहे, देण्यात अडचण नाही. आंजियर त्याच जूनमध्ये सुरतेस वारला.

गंमत म्हणजे दहांत हवापाण्याचे नाव नाही. मुंबईची हवा तेव्हा इतकी रोगट, की विलायतेहून आलेले लोक दोन पावसाळ्यांत जात, अशी ख्याती. दीवच्या माणसाला ही बातमी नसेल, असे मला वाटत नाही. त्याला ताप-खोकल्यापेक्षा जप्तीचे भय मोठे वाटले असावे.

आठवी अट मी मुद्दाम मागे ठेवली. लढाई किंवा संकट आले तर माल, खजिना आणि कुटुंब ठेवायला किल्ल्यात एक वखार मिळावी, असे त्याने मागितले होते. पुढे बाराच वर्षांनी, १६८९ त, जंजिऱ्याचा सिद्दी शिवडीला उतरला. माझगाव गेले, माहीम गेले, आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. तो वेढा १६९० च्या जूनपर्यंत उठला नाही. त्या दिवसांत मुंबईत राहण्याजोगी जागा तटाच्या आत तेवढी होती.