बटाटा : गादीवाफ्यावरील लागवड (मोर्शी परिसर)

बटाटा (वऱ्हाडात आलू, शास्त्रीय नाव सोलॅनम ट्युबरोजम, कुल सोलॅनेसी) : दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या थंड पठारांवर उगम पावलेले आणि पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गे सतराव्या शतकाच्या सुमारास हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेले हे कंदपीक महाराष्ट्रात मुख्यतः पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर व सातारा जिल्ह्यातील खटाव, कोरेगाव या तालुक्यांत स्थिरावले, कपाशी-तुरीच्या वऱ्हाड मुलखात त्याला तसा आश्रय मिळाला नाही, आणि संत्राबागांसाठी विख्यात असलेल्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातही ते परसातले हिवाळी पीक म्हणूनच विशेष शोभते. या मर्यादेची कारणे दोन : भारी काळी जमीन आणि आखूड हिवाळा. पैकी पहिल्या अडचणीचे निवारण गादीवाफ्याने, म्हणजे भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच व भुसभुशीत मातीने भरलेल्या वाफ्याने, बऱ्याच अंशी होते.

जमीन व वाफा : काळ्या पाषाणाच्या विदारणापासून बनलेली येथील माती ओली असता फुगून चिकट होते आणि वाळली असता भेगाळते, आणि बटाटा हे मूळ नसून भूमिगत फांदीचे फुगलेले टोक असल्यामुळे, त्या फांदीला सैल, हवेशीर व ओलसर माती लाभली नाही तर कंद लहान व वेडेवाकडे राहतात. शिवाय भेगांतून बटाट्यावरील पाकोळीला कंदापर्यंत वाट मिळते. ही कीड १९०६ मध्ये इटलीहून आलेल्या बेण्यासोबत मुंबई इलाख्यात शिरली, असा तिचा इतिहास आहे.

नवशिक्याने दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडून १२० सेंमी. रुंद, २४० सेंमी. लांब व ३० सेंमी. उंच असा एकच वाफा करावा. एवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो व गादी पायाने तुडवावी लागत नाही. कडेला विटा, दगड किंवा फळ्या लावाव्यात, तळाची माती कुदळीने मोकळी करावी आणि वर दोन भाग माती, एक भाग रेती व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे. कच्च्या शेणखताने हुमणीस आमंत्रण मिळते. चुलीतली राख घालण्याचा प्रघात येथे टाळावा, कारण काळी माती मुळातच अल्कधर्मी असून अल्कता वाढली की कंदांवर खवडा पडतो. वांगी, मिरची व टोमॅटो ही बटाट्याच्याच कुलातली असल्यामुळे त्यांच्या मागोमाग त्याच वाफ्यात बटाटा लावू नये. संत्र्याच्या झाडालगत वाफा करणे हेही अयोग्य. तेथे पिकाला सावली पडते, आणि वाफ्याचे पाणी खोडाशी साचल्यास झाडास डिंक्याचा उपद्रव संभवतो.

हंगाम : कंद धरण्यास १५° ते २०° से. तापमान उत्तम, रात्री उष्ण राहिल्या तर पाला वाढतो पण कंद धरत नाहीत, आणि ३०° से.च्या वर कंदांची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावणी उरकावी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीची थंडी नेमकी कंद पोसण्याच्या काळात सापडते. महाशिवरात्रीस सालबर्डीची यात्रा भरू लागते तोवर वाफा रिकामा झालेला असावा, हा स्थूल हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

बेणे : १९४९ मध्ये पाटण्यास स्थापन झालेल्या व १९५६ मध्ये शिमल्यास हलविलेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या वाणांपैकी सुमारे ७५ ते ८० दिवसांत तयार होणारा कुफरी लवकर, तसेच कुफरी चंद्रमुखी आणि उष्णता सोसणारा कुफरी सूर्या हे वाण आखूड हिवाळ्यास अनुकूल आहेत. बाजारातील खाण्याच्या बटाट्यांवर कधी कोंब रोखणारे रसायन फवारलेले असते, शिवाय त्यांतून विषाणुरोग येण्याचे भय राहते. सबब प्रमाणित बेणेच घ्यावे. शीतगृहातून आणलेले बेणे दहा-पंधरा दिवस सावलीत, विरळ उजेडात पसरून ठेवले म्हणजे आखूड, जाड व हिरवट कोंब फुटतात. ४० ग्रॅमच्या आसपासचे अखंड कंद लावावेत. कापलेल्या फोडी उबदार जमिनीत सहज कुजतात. ४५ सेंमी. अंतरावर तीन ओळी धरून प्रत्येक ओळीत २५ सेंमी.वर एक कंद, कोंब वर करून, ५ ते ७ सेंमी. खोल लावल्यास या वाफ्यास साधारण २७ कंद, म्हणजे सव्वा किलोच्या आत बेणे लागते.

निगा : पाणी थोडे व वारंवार द्यावे, ओल सतत सारखी असावी, पण पाणी साचू नये. रोपे वीतभर झाली की बुंध्याशी मातीची भर द्यावी आणि पंधरा-वीस दिवसांनी ती पुन्हा चढवावी. वर गव्हाचे किंवा तुरीचे कुटार पसरल्याने ओल टिकते व भेगा पडत नाहीत. भर हे या पिकातील मुख्य काम होय, कारण उघडे पडलेले कंद उन्हाने हिरवे होऊन त्यांत सोलॅनीन हे विषारी द्रव्य वाढते आणि पाकोळीही अशाच कंदांवर अंडी घालते. ढगाळ, दमट हवेत करप्याकडे लक्ष ठेवावे. १८४५ ते १८४९ या काळात आयर्लंडमध्ये दुष्काळ ओढवला तो उशिरा येणाऱ्या करप्यामुळेच. डागाळलेली पाने तत्काळ काढून नष्ट करावीत. मावा ही कीड विषाणुरोग पसरविते.

काढणी : पाला पिवळा पडू लागला की पाणी तोडावे, दहा दिवसांनी माती हाताने उकरून कंद काढावेत व ते उन्हात न ठेवता सावलीत सुकवावेत, गादी भुसभुशीत असल्याने कुदळीचा घाव लागून कंद वाया जात नाहीत. हिरवे कंद खाऊ नयेत. चांगल्या निगेत एका झाडास ३०० ते ५०० ग्रॅम बटाटे धरतात. फेब्रुवारीत निघालेले कंद वऱ्हाडच्या उन्हाळ्यातून पुढील नोव्हेंबरपर्यंत साध्या घरात टिकत नाहीत, म्हणून पुढील लावणीसाठी घरचे बेणे राखण्याचा खटाटोप न करता दर वर्षी नवे प्रमाणित बेणे आणावे.