गिरणीतले पाळणाघर आणि मालकांचा हिशेब

मुंबईत 1854 मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबागच्या परिसरात गिरण्यांची दाट वस्ती झाली, तेव्हा कोकण आणि देशावरून आलेल्या कुटुंबांतील स्त्रियाही मोठ्या संख्येने कामावर लागल्या. त्यांचे काम मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत, म्हणजे सुताच्या लडी करण्याच्या आणि ते कांड्यांवर गुंडाळण्याच्या विभागांत असे. मजुरी कामाच्या मापावर मिळत असल्यामुळे तान्ह्या मुलाला पाजण्यासाठी जितका वेळ उठावे, तितकी कमाई बुडे.

चाळीतल्या खोलीत सांभाळायला कोणी नसले, की मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला बाळागोळी, म्हणजे अफू घातलेली लहानशी गोळी दिली जाई. ही चाल गिरणीकामगार स्त्रियांमध्ये किती सर्रास होती, हे 1920 च्या दशकाच्या आरंभी स्त्री-कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी नोंदवून ठेवले आहे. तिचा दोष आयांना देणे अन्यायाचे होईल, कारण सोबत नेलेले मूल यंत्रांच्या धडधडाटात आणि कापसाच्या तुसात ठेवावे लागे. मुंबईत 1921 मध्ये हजार जन्मांमागे सुमारे 667 अर्भकमृत्यू नोंदले गेले. अनेक स्त्रिया बाळंतपणाला गावी जात आणि तो जन्म तिकडेच नोंदला जाई, म्हणून हा आकडा काहीसा फुगलेला आहे, तरी त्यामागचा आकांत खोटा ठरत नाही.

अशा वेळी काही गिरण्यांनी आवारातच पाळणाघरे काढली. मूल आजारी पडले की सराईत कामकरीण घरी राहते आणि तिच्या जागी नवखी बदली घ्यावी लागते, हे पाहता पाळणाघराचा खर्च निव्वळ दानधर्म नव्हता. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात मोठ्या संख्येने स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघरांची शिफारस केली आणि 1948 च्या कारखाने अधिनियमाने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना ती सक्तीची केली; 1976 मध्ये ही मर्यादा तीसवर आली.

दोष नेमका स्त्रियांच्या या मोजणीत होता. मुंबई प्रांताने 1929 मध्ये प्रसूतिलाभाचा, म्हणजे बाळंतपणाच्या काळात भत्ता देण्याचा कायदा केला, तेव्हाही तो भार त्या-त्या मालकावर टाकला होता. खर्च स्त्रियांच्या संख्येवर ठरू लागला, की त्यांना कामावर न घेणे हीच मालकाला काटकसर वाटते. पुढच्या काळात गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. त्याला यंत्रांची फेररचना आणि रात्रपाळीवरील बंदीही कारणीभूत होती, परंतु या हिशेबाचा वाटा नाकारता येत नाही. याच्या उलट, 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्याने प्रसूतिलाभ मालक व कामगार यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या सामायिक निधीतून देण्याची सोय केली, आणि तिथे एका मालकाला एका स्त्रीचे बाळंतपण महाग पडेनासे झाले.

केंद्रीय प्रसूतिलाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने पाळणाघराची अट स्त्रियांच्या नव्हे तर एकूण पन्नास कर्मचाऱ्यांच्या संख्येला जोडली, ही उशिरा झालेली परंतु मोलाची सुधारणा होय. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून एकच पाळणाघर चालवण्याची मुभाही आहे, आणि शेजारी-शेजारी शेकडो लहान कारखाने असलेल्या औद्योगिक वसाहतींत उद्योजक संघटनांनी तिचा उपयोग करणे त्यांच्याच फायद्याचे आहे.