दऱ्या आणि दर्या

पाकिटावरचा पत्ता थोडा चुकला तरी पत्र बहुधा पोचते. पोस्टमन वाचतो, शेजारी विचारतो, अंदाज बांधतो. इंटरनेटवरच्या पत्त्याला असा समजूतदार पोस्टमन नाही. तिथे अक्षर न् अक्षर जुळावे लागते, आणि ही अक्षरे प्रारंभी इंग्रजीचीच होती.

पत्त्यांची ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली अमेरिकेत आखली. १९८७ च्या नियमपत्रिकांतून रिवाज पडला तो असा: नावात इंग्रजी अक्षरे, आकडे आणि जोडरेघ, एक तुकडा ६३ खुणांपेक्षा लांब नसावा. पुढे जगभर यंत्रे बसली ती हाच नियम धरून. आता तो बदलायचा कसा? मग वेषांतराची युक्ती निघाली. २००३ साली ॲडम कॉस्टेलो यांची 'प्युनिकोड' ही रीत मान्य झाली. पडद्यावर तुम्ही 'भारत' वाचता. तारेतून जाते ते एक्स्, एन्, दोन जोडरेघा आणि एच्-२-बी-आर्-जे-९-सी. मातृभूमीचे हे नाव पाठ करून पाहा!

वेष चढवण्याआधी नाव 'स्वच्छ' करायचे, असा नियम त्याच साली झाला. आणि आपले दुखणे तिथेच आहे. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. पहिल्यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो: एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, दुसरा, र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण देऊन. स्वच्छतेच्या नियमाने ही खूण कचरा म्हणून झाडून टाकली. म्हणजे दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या दऱ्यांत समुद्र शिरला! आचाऱ्याला बोलावणे धाडावे आणि दारात आचार्य उभे राहावेत, तशातली गत. सिंहलीतल्या 'श्री'लाही हीच खूण लागते.

पण झाडणाऱ्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती, हेही सांगितले पाहिजे. न दिसणाऱ्या किंवा एकसारख्या दिसणाऱ्या खुणांनी लबाडी करता येते. २०१७ साली एका संशोधकाने केवळ सिरिलिक अक्षरे वापरून ॲपल कंपनीच्या पत्त्यासारखा हुबेहूब दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला, तेव्हा काही ब्राउझरही फसले. तरी चोराच्या भयाने घरमालकालाच बाहेर ठेवावे, हे मला पटत नाही.

ऑगस्ट २०१० च्या सुधारलेल्या नियमांनी मधली वाट काढली: हलन्तानंतर आली तर ती खूण ग्राह्य. काही ब्राउझर मात्र पुढे कित्येक वर्षे जुन्याच वाटेने चालत राहिले. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरी 'भारत' हे पत्त्याचे शेवटचे पद मराठी, कोकणी, हिंदी धरून आठ भाषांसाठी खुले झाले. दऱ्या दोन्ही प्रकारांनी लिहिल्या तरी तुम्हाआम्हाला त्या एकच दिसतात. यंत्राच्या लेखी ती अजूनही दोन वेगळी नावे आहेत.