दोन थैल्या

अमेरिकेतील विद्यापीठांत फुटबॉलच्या प्रशिक्षकाला नामांकित प्राध्यापकाच्या अनेक पट वेतन मिळते, हे ऐकले की आपण चटकन म्हणतो, "हा सारा टेलिव्हिजनचा महिमा!" आम्हांलाही पुष्कळ दिवस तसेच वाटे. परंतु इतिहास पाहू गेल्यास हे अंतर टेलिव्हिजनहून पुष्कळच जुने आहे.

1852 साली हार्वर्ड आणि येल येथील विद्यार्थ्यांची नौकांची शर्यत झाली. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने सोसला. कंपनीला उतारू हवे होते. तेथील आंतरमहाविद्यालयीन खेळांचा आरंभ हा असा, परक्या थैलीतून झाला.

1892 साली शिकागो विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा अध्यक्ष हार्पर ह्यांनी निराळा प्रयोग केला. ॲमॉस ॲलान्झो स्टॅग ह्या प्रशिक्षकाला त्यांनी अध्यापकवर्गातच कायमची जागा दिली. खेळगुरू हाही गुरूच, तेव्हा त्याचे वेतन एकाच तिजोरीतून निघावे, हा त्यातला सरळ अर्थ होता.

तो प्रघात मात्र टिकला नाही. 1905 साली हार्वर्डने बिल रीड ह्या सव्वीस वर्षांच्या तरुणाला सात हजार डॉलरांवर प्रशिक्षक नेमले. निम्मे पैसे क्रीडामंडळाने दिले, निम्मे माजी विद्यार्थ्यांनी. हार्वर्डमधील एकाही प्राध्यापकाला एवढे वेतन नव्हते! 1869 पासून अध्यक्षपदी असलेले आणि ह्या खेळाचे कडवे टीकाकार असलेले एलियट ह्यांचे वेतनही त्याहून फारसे अधिक नव्हते.

1929 साली कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाने ह्या व्यापारी वृत्तीवर कोरडे ओढले. 1939 साली शिकागोचे अध्यक्ष हचिन्स ह्यांनी तर फुटबॉलच बंद केला. त्याच स्टॅग मैदानाच्या सज्जाखाली 2 डिसेंबर 1942 रोजी फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूची पहिली नियंत्रित शृंखलाप्रक्रिया घडवली. पण हचिन्स ह्यांचे अनुकरण करणारे थोडेच निघाले.

1984 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टेलिव्हिजनचे हक्क विकण्यास विद्यापीठे मोकळी झाली आणि दुसरी थैली फुगली. पुढे काही दुय्यम प्रशिक्षकांच्या वेतनाला मर्यादा घालण्याचा नियम झाला. तो स्पर्धेला मारक म्हणून 1990 नंतरच्या दशकात न्यायालयांनी रद्द ठरवला. 2007 साली अलाबामा विद्यापीठाने निक सेबन ह्यांना वर्षाला चाळीस लाख डॉलर देऊ केले. ज्यांच्या घामावर हे सारे उभे, त्या विद्यार्थी-खेळाडूंना मात्र विद्यापीठाने उत्पन्नातला वाटा थेट द्यावा, अशी सोय 2025 पर्यंत नव्हती.

कोणी म्हणेल, प्रशिक्षक पैसा मिळवून देतो, मग घेईना का! हे मूठभर विद्यापीठांपुरते खरे आहे. बहुतेक ठिकाणी क्रीडाविभागाचा खर्च उत्पन्नाहून अधिक असतो आणि तूट विद्यापीठाच्या निधीतून व विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरून काढावी लागते. म्हणजे थैल्या दोन खऱ्या. पण दुसरी रिकामी झाली की हात पहिलीतच जातो.

खेळाशी आमचे वैर नाही. पण संस्थेत कोणाचा मान किती, हे तिच्या उद्दिष्टांच्या पाटीवरून कळत नाही. ते तिच्या वेतनपत्रकावरून कळते. आपापल्या गावची संस्था चालवणाऱ्यांनी देणगीदाराची थैली स्वीकारताना एवढे ध्यानी ठेवले, तरी पुष्कळ झाले.